कार्यालयातील जुना संगणक

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त डिसेंबर २०२५ मध्ये भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेच्या परंपरेविषयी बोलावे, अशी सर्वांची अपेक्षा असते. ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी माझ्याहून अधिक अधिकाराने केले आहे. मी आज आपल्या कार्यालयातील एका जुन्या संगणकाविषयी बोलणार आहे. विषय ऐकून मागच्या रांगेतील काही जण हसले, ते मला दिसले. मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या बाईने संगणकाच्या पोटातील यंत्रणेविषयी बोलावे, हे मलाही थोडे विनोदीच वाटते. परंतु गेल्या पाच महिन्यांत या संगणकाने मला जेवढे शिकवले, तेवढे कोणत्याही प्रशिक्षण-वर्गाने शिकवले नाही. आणि त्या शिक्षणाची किंमत शाळेला मोजावी लागली. ती किंमत कोणती, हे आपणांस सांगणे माझे कर्तव्य आहे.

हा संगणक आपण २०१२ मध्ये, पालकांच्या देणग्यांतून घेतला. त्या वेळी तो उत्तम होता. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, दोन जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज ७. कार्यालयात तो आला, तेव्हा आमच्या मामांनी त्याला हार घालून नारळ फोडला होता. यंदाच्या जुलैपर्यंत त्याची अवस्था अशी झाली होती, की सकाळी बटण दाबून आम्ही मैदानावर जात असू. प्रार्थना व्हायची, राष्ट्रगीत व्हायचे, प्रतिज्ञा व्हायची, आणि परत यावे तो पडद्यावर ते लहानसे वर्तुळ अजून फिरतच असायचे. (प्रतिज्ञेवरून आठवले म्हणून सांगते. आपली मुले जी प्रतिज्ञा रोज मराठीत म्हणतात, ती १९६२ मध्ये मूळ तेलुगूत लिहिली गेली. लिहिणारे पैडिमर्री वेंकट सुब्बाराव हे आपल्या शेजारच्या नलगोंडा जिल्ह्याचे. हैदराबादेतील मराठी शाळेच्या मुलांना तरी हे ठाऊक असावे.)

मंद चालणे आम्ही सोसत होतो. सोसवेना झाले ते एका दाखल्यामुळे. पाचवीतील एका मुलीला तिच्या वडिलांनी बोनाफाइड दाखला मागितला. आम्ही छापला, मी सही केली, शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ परत आले आणि अतिशय अदबीने म्हणाले, “बाई, तारीख एकदा बघता का?” दाखल्यावर १ जानेवारी २०११ अशी तारीख होती. मुलीचा जन्म २०१५ चा. जन्माच्या चार वर्षे आधीच ती आमच्या शाळेत शिकत असल्याचे मी सहीशिक्क्यानिशी प्रमाणित केले होते! न वाचता सही करणाऱ्या मुख्याध्यापिकेचा दोष त्यात आधी, संगणकाचा नंतर.

ही तारीख का बिघडली, हे कळल्यावर मला आश्चर्य वाटले. संगणकाच्या मुख्य फलकावर, म्हणजे मदरबोर्डवर, रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. त्याचा क्रमांक सीआर २०३२. वीज बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो संपला, की प्रत्येक वेळी संगणक आपल्या कारखान्यातील आरंभीच्या तारखेला जाऊन बसतो. तारीख चुकीची असली, की सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत. कारण त्या स्थळांची प्रमाणपत्रे विशिष्ट मुदतीची असतात, आणि २०११ मध्ये बसलेल्या संगणकाला ती अजून सुरूच झालेली नाहीत असे वाटते. आम्ही महिनाभर इंटरनेटच्या जोडणीला नावे ठेवत होतो. दोष एका सेलचा होता, जो कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.

सेल बदलला. पण मंदपणा तसाच राहिला, आणि यू-डायस प्लसवर माहिती भरण्याचे दिवस आले, तेव्हा आमचा ब्राउझर साफ हरला. त्याचेही कारण होते. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला होता. क्रोमनेही २०२३ च्या आरंभी १०९ क्रमांकाच्या आवृत्तीनंतर विंडोज ७ ची साथ सोडली. आधार संपणे म्हणजे संगणक बंद पडणे नव्हे, हे मला नीट समजायला वेळ लागला. तो चालतच राहतो. मात्र त्यात नवनव्या फटी सापडत जातात आणि त्या बुजवणारे कोणी उरत नाही.

कोषाध्यक्षांचे मत स्पष्ट होते : नवा घ्यावा. सिकंदराबादला पार्कलेनवर चेनॉय ट्रेड सेंटर आहे, ज्याला सगळे सी.टी.सी. म्हणतात, तिथे चौकशीला गेले, तर तेथील दुकानदारानेही तेच सांगितले. “नक्को मॅडम, इसमें पैसा नक्को डालो, नवा लेलो.” आपल्या दख्खनीतला तो आपुलकीचा सल्ला मला पटतही होता. एका देणगीदारांनी नवा संगणक देण्याची तयारी दाखवली होती. मग मी का थांबले? खरे सांगायचे, तर काटकसर हे कारण मी मंडळापुढे मांडले. मनातील कारण वेगळे होते. त्या जुन्या डब्यात काय आहे, हे मला माहीत होते.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल, म्हणून थोडे मागे जाते. आपली शाळा १९६६ च्या जूनमध्ये सुरू झाली. दहा वर्षांपूर्वी, १ नोव्हेंबर १९५६ ला, जुन्या हैदराबाद राज्याची वाटणी झाली होती. मराठवाडा तिकडे गेला आणि या शहरातील मराठी माणसे इकडे राहिली. त्यांच्या मुलांसाठी ही शाळा निघाली. पहिल्या दिवसापासूनच्या प्रत्येक मुलाचे नाव, आईवडिलांचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात आणि आधीची शाळा प्रवेश-नोंदवहीत शाईने लिहिलेली होती. वाढदिवसाच्या केकवरील तारखेला कचेरीत किंमत नसते. नोंदवहीतील तारखेला असते. निवृत्तिवेतनासाठी, पारपत्रासाठी, महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या नातवाच्या जातपडताळणीत आजोबांचा पुरावा म्हणून, अशा नाना कारणांनी माणसे आजही आमच्या खिडकीपाशी येतात. शाळेच्या इमारतीची किंमत कोणीही सांगेल. त्या वह्यांची किंमत खिडकीपाशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये या शहरात जो पाऊस झाला, तो कोणी विसरलेले नसेल. कोरोनामुळे शाळा बंदच होती. कार्यालय तळमजल्यावर. १३-१४ तारखेच्या पावसाचे पाणी आत शिरले आणि ओसरले, तरी कुलूप उघडायला आम्हांला आठवडा लागला. कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर १९६६ ते १९८१ पर्यंतच्या नोंदवह्या होत्या. त्यांचा लगदा झाला होता. उन्हात वाळवल्या, पाने सोडवण्याचा प्रयत्न केला. निळा डाग तेवढा हाती आला. संगणक टेबलावर होता, म्हणून वाचला.

आणि तो वाचला म्हणून त्या पंधरा वर्षांच्या नोंदीही वाचल्या. कारण आमचे त्या वेळचे ज्येष्ठ लिपिक, जे २०१७ मध्ये निवृत्त झाले व आता नांदेडला मुलाकडे असतात, त्यांनी २०१३ पासून तीन वर्षे, शाळा सुटल्यावर रोज तासभर बसून, त्या सगळ्या वह्या संगणकावर टंकित केल्या होत्या. कोणी सांगितले नव्हते, कोणी जादा वेतन दिले नव्हते. “जुन्या शाईचा रंग उडायला लागलाय, बाई,” एवढेच ते म्हणाले होते.

आता माझी चूक सांगते. २०२० मध्ये वह्या गेल्या, त्या दिवशीच मला उमगायला हवे होते, की यापुढे या नोंदींची जगात एकच प्रत आहे आणि ती एका आठ वर्षे जुन्या डिस्कवर आहे. मी पाच वर्षे काहीही केले नाही. संगणकात आहे म्हणजे सुरक्षित आहे, या समजुतीत राहिले. आपण पुष्कळ जण त्याच समजुतीत आहात, म्हणून हे सांगते.

ऑगस्टमध्ये आपलाच एक माजी विद्यार्थी मदतीला आला. तो २००४ साली शाळेतून बाहेर पडला आणि संगणक-दुरुस्ती हाच त्याचा व्यवसाय आहे. त्याने नाव न घेण्याची अट घातली आहे. मी त्याला म्हणाले, “अरे, नवी विंडोज टाकून दे आणि रॅम वाढव.” त्याने संगणक चालू केला, कान लावला आणि लगेच बंद केला. “बाई, हा आवाज ऐकलात?” टक्, टक्, टक्. मला वाटत होते पंख्याचा आहे. तो हार्ड डिस्कचा होता. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये चकत्या फिरतात आणि त्यांवरून एक सूक्ष्म टोक सरकत अक्षरे वाचते. चकतीचे काही भाग निकामी झाले, की ते टोक तिथे अडखळते, मागे जाते, पुन्हा येते. रोज सकाळची आमची दहा मिनिटांची प्रतीक्षा बहुधा याच अडखळण्याची होती. “आता माझ्या हातून प्रत निघेपर्यंत याचं बटण कोणी दाबायचं नाही,” असे त्याने बजावले. शिष्याने गुरूला दम देण्याचा प्रसंग. पण मी निमूटपणे मान हलवली.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. जुना संगणक दुरुस्तीला दिला, की पुष्कळदा पहिले वाक्य ऐकू येते, “फॉरमॅट मारून देतो.” म्हणजे पाटी कोरी करून देतो. आपल्याला वेग हवा असतो, त्याला काम उरकायचे असते, आणि पाटीवर काय लिहिले होते हे विचारायचे राहून जाते. या मुलाने पहिला प्रश्न तो विचारला. म्हणून आज मी आपल्यापुढे उभी राहू शकते.

त्याने डिस्क काढून आपल्या यंत्राला जोडली आणि डीडीरेस्क्यू नावाच्या प्रणालीने तिची प्रत घ्यायला सुरुवात केली. ही प्रणाली शहाणी आहे. आधी जे भाग सहज वाचता येतात, ते सर्व उतरवून घेते. नाजूक भागांवर नंतर पुन्हापुन्हा प्रयत्न करते. आजारी डिस्क मधेच दगावली, तरी चांगले ते आधी हाती लागलेले असावे, हा त्यामागील विचार. दोन रात्री आणि एक दिवस हे चालले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. बहुतेक सारे मिळाले होते. एक धारिका अर्धवट आली होती. १९७१-७२ ची.

त्या वर्षाचा गोषवारा दुसऱ्या एका तक्त्यात शाबूत आहे. त्यावरून त्या वर्षी ६१ मुलांना प्रवेश दिल्याचे कळते. धारिकेतून १८ नावे वाचता आली. बाकी ४३ नावे गेली. मी नांदेडला फोन केला. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, “बाई, पुन्हा टंकायचं असेल, तर मी येतो.” त्यांना पूर्ण आठवण होती, फक्त टंकायचे कशावरून, एवढेच त्यांच्या लक्षात आले नव्हते. मलाही ते सांगवेना.

आता यंत्राकडे वळते. ही कहाणी त्या मानाने सुखाची आहे. संगणकाचे झाकण काढले, तेव्हा आत तेरा वर्षांची धूळ आणि पालीच्या अंड्यांची टरफले निघाली. प्रोसेसरवरील पंख्याच्या जाळीत धुळीचा गालिचा तयार झाला होता. प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये एक लेप असतो. तो वाळून खडू झाला होता. तो पुसून नवा लावला. मग दोन जीबीची रॅम काढून चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या बसवल्या. पट्ट्या डीडीआर-३ प्रकारच्याच लागतात. डीडीआर-२ किंवा डीडीआर-४ ची खाच निराळ्या जागी असते, त्यामुळे त्या बसतच नाहीत आणि जोर केला, तर खोबण तुटते. एक पट्टी बसवल्यावर संगणक नुसताच टूं-टूं करू लागला. त्या मुलाने पट्टी काढली आणि मला म्हणाला, “बाई, खोडरबर आहे?” तिसरीच्या वर्गातून खोडरबर आणले. पट्टीच्या कडेचे पिवळे दात त्याने हलक्या हाताने पुसले, पट्टी पुन्हा बसवली, आणि आवाज थांबला. खोडरबराचा हा उपयोग मी अध्यापनाच्या तीस वर्षांत पाहिला नव्हता.

जुन्या डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी आली. हिच्यात फिरणारे काहीच नसते, त्यामुळे टोक अडखळण्याचा प्रश्न नाही. वेगात सर्वाधिक फरक पडला तो हिच्यामुळे. प्रार्थनेपर्यंत थांबावे लागणारा संगणक आता मी खुर्ची ओढून बसेपर्यंत तयार असतो. सगळा खर्च चार हजारांच्या आत आला. नव्याला त्याच्या दहापट तरी लागले असते.

पण रॅम वाढवून जुनी विंडोज ठेवता आली नसती. आमची विंडोज ३२ बिटांची होती, आणि तशा प्रणालीला चार जीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. आठ खोल्यांची शाळा बांधून चारच खोल्यांच्या किल्ल्या द्याव्यात, तसे झाले असते. विंडोज १० चा आधार या वर्षी १४ ऑक्टोबरला संपणार होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे लागतात. आमचा दुसऱ्या पिढीचा. आडमार्गाने ती बसवता येते म्हणतात. पण ज्या यंत्रावर दाखले निघतात, तिथे आडमार्ग नको, असे मी ठरवले. म्हणून लिनक्स मिंट घेतले. ते विनामूल्य आहे, आणि आम्ही घेतलेल्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या सुधारणा मिळणार आहेत. मंडळातील एका सदस्यांना फुकट मिळणाऱ्या गोष्टीविषयी शंका होती; केरळमधील सरकारी शाळा कित्येक वर्षे अशाच मुक्त प्रणालीवर शिकवत आहेत, हे सांगितल्यावर ते राजी झाले.

सारे गोडच झाले, असे मी म्हणणार नाही. वेतनाचे जे सॉफ्टवेअर आम्ही वापरतो, ते मिंटवर चालत नाही. ते काम दुसऱ्या लॅपटॉपवर न्यावे लागले. आमच्या सध्याच्या लिपिकताई पहिले पंधरा दिवस माझ्याशी मोजकेच बोलत होत्या. आणि प्रत्येक जुन्या यंत्रावर पैसे घालावेत, असेही माझे म्हणणे नाही. संगणककक्षातील पाच संच याहून जुने होते, त्यांच्या मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगलेले होते. ते आम्ही अधिकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे देऊन टाकले.

मिंटवर सगळे सुरळीत झाले, आणि मी मोठ्या उत्साहाने वाचवलेल्या धारिका उघडल्या. पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नव्हते! इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस, टक्केवारीची चिन्हे, असा नुसता काला. क्षणभर वाटले, सगळेच गेले.

मराठीच्या शिक्षकांनी समजून घ्यावा असा हा भाग आहे, म्हणून थोडी रेंगाळते. पूर्वीच्या अनेक मराठी फॉन्टांत संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतेच. साठवली जातात इंग्रजी अक्षरे; फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. कृतिदेवचे उदाहरण घेऊ. त्यात ‘मराठी’ हा शब्द आतून ई, जे, के, मोठा बी आणि एच या पाच इंग्रजी अक्षरांचा असतो. ई ला ‘म’ चे रूप, जे ला ‘र’ चे, के ला कान्याचे, मोठ्या बी ला ‘ठ’ चे आणि एच ला दीर्घ वेलांटीचे. आमच्या लिपिकांनी वापरलेला फॉन्टही याच जातीचा. जुन्या डिस्कसोबत फॉन्ट गेला, मुखवटा गळला, आणि आतील इंग्रजी अक्षरे उघडी पडली. फॉन्ट शोधून बसवला असता, तर मराठी पुन्हा दिसली असती. पण पुढच्या संगणकावर पुन्हा हेच झाले असते.

यावरचा खरा उपाय युनिकोड. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे; फॉन्ट बदलला, प्रणाली बदलली, तरी ‘म’ हा ‘म’ च राहतो. युनिकोडमधील भारतीय लिप्यांची मांडणी इस्की या भारतीय प्रमाणावरून घेतली आहे. त्यामुळे देवनागरीला १२८ जागा, तेलुगूलाही १२८, आणि देवनागरीतील ‘क’ आपल्या ओळीत ज्या जागी बसतो, नेमक्या त्याच जागी तेलुगूतील ‘क’ तेलुगूच्या ओळीत बसतो. इनस्क्रिप्ट कळफलकातही तेच. मराठी ‘क’ ची कळ आणि तेलुगू ‘क’ ची कळ एकच. आमच्या लिपिकताईंची मातृभाषा तेलुगू. त्यांनी एक कळफलक शिकला आणि त्यांना मराठी, हिंदी, तेलुगू तिन्ही टंकता येऊ लागल्या. तेव्हापासून त्या माझ्याशी पुन्हा बोलू लागल्या आहेत. या शहरात तीन भाषांत पत्रव्यवहार करणाऱ्या आपल्यासारख्या शाळेला यापेक्षा सोयीचे काय असणार?

जुन्या धारिका युनिकोडमध्ये आणण्यासाठी रूपांतर करणाऱ्या प्रणाली आहेत. त्या क्षणात हजारो ओळी पालटतात. मात्र त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी टंकतात. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे याच्या उलट. रूपांतर करताना ही अदलाबदल कुठे चुकली, की नाव बिघडते. आणि आपल्या मराठीचा तो खास अर्धा ‘ऱ’, जो हिंदीला लागत नाही, त्याची तर दैनाच होते. कुऱ्हाडे यांचे ‘कुर्हाडे’ झाले, वऱ्हाडपांडे यांचे ‘वर्हाडपांडे’. पाहणाऱ्याला किरकोळ वाटेल. ज्याच्या पारपत्रावर एक आणि दाखल्यावर दुसरे नाव असते, त्याला विचारावे.

म्हणून आमच्या सेवानिवृत्त शिक्षकांनी गेले दोन महिने दर शनिवारी बसून ही नावे एकेक करून तपासली. १९६६ ते १९८१ पैकी बारा वर्षांचे काम पूर्ण झाले आहे. नोंदींच्या आता तीन प्रती आहेत. एक या संगणकात, एक शाळेबाहेर कोषाध्यक्षांच्या घरी ठेवलेल्या बाह्य डिस्कवर, आणि एक छापील, बांधणी केलेली, वरच्या मजल्यावरील कपाटात. वरच्या फळीवर.

राहिली १९७१-७२ ची ती ४३ नावे. मेळाव्याच्या निमंत्रणासोबत आम्ही त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना आपापले शाळा सोडल्याचे दाखले घेऊन येण्याची विनंती केली होती. आज सकाळपर्यंत नऊ जणांनी दाखले दिले. त्यांवरील नोंदणी-क्रमांक धारिकेतील क्रमांकांशी तंतोतंत जुळले, आणि नऊ नावे आपल्या जागी परत बसली. आता ३४ उरली आहेत.

त्या वर्षी पहिलीत आलेली मुले १९७५ मध्ये चौथीत होती. त्या वर्गाचे एक छायाचित्र एका माजी शिक्षिकांच्या संग्रहात मिळाले. ते मोठे करून सभागृहाच्या दाराशी लावले आहे. ज्यांची ओळख पटली, त्यांच्या डोक्यावर पेन्सिलीने आकडे घातले आहेत. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा, टोपी घातलेला मुलगा आणि पुढच्या रांगेत पाटी उलटी धरून बसलेली दोन वेण्यांची मुलगी यांना अजून कोणी ओळखलेले नाही. जेवणाला जाण्यापूर्वी कृपया तिथे थांबावे. वही आणि पेन ठेवले आहे, आणि आमच्या लिपिकताई तिथेच बसल्या आहेत.